केशराच्या डबीत करडई

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातलं बोलणं शक्य तितकं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय धुळ्याच्या एका श्रोतीच्या व्हॉइस नोटमधून आला. ती म्हणते, "ताई, मला तिसरा महिना चालू आहे. पाळीच्या वेळी पोट दुखायचं म्हणून मी ऑनलाइन एक चायनीज हर्बल चहा मागवायचे. अर्धं पाकीट शिल्लक आहे. हर्बलच आहे, मग आता घेतला तर चालेल ना?" सोबत पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो.

फोटो मोठा करून वाचला. घटकांमध्ये एक नाव होतं सॅफ्लॉवर. आता सॅफ्लॉवर म्हटलं की काहीतरी चीनमधल्या डोंगरावरचं फूल वाटतं. पण सॅफ्लॉवर म्हणजे करडई. आपली, बांधावरची, काटेरी, पिवळ्या-केशरी फुलांची करडई. तिला मी लगेच कळवलं की तो चहा बंद ठेव, पाकीट फेकू नको, पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना दाखव. आतापर्यंत घेतला असशील तर तेही सांग, घाबरू नको.

पण मग मी विचार करत बसले, की हा चहा जिथून आला तिथले वैद्य या फुलाबद्दल काय सांगतात? आणि गंमत म्हणजे ते अगदी स्पष्ट सांगतात. चिनी वैद्यकात करडईच्या पाकळ्यांना 'होंगहुआ' म्हणतात, म्हणजे लाल फूल. उपयोग काय? साचलेलं रक्त हलवणं आणि अडलेली पाळी आणणं. पाळी आणणारं औषध गरोदर बाईला द्यायचं का, हे सांगायला वैद्य कशाला हवा? चीनच्या सरकारी औषधकोशात होंगहुआच्या नोंदीत तसा शेरा आहे, की गरोदर स्त्रीने सावधगिरीने घ्यावं. तिथल्या औषधांच्या खोक्यांवर दोन शब्दप्रयोग नेहमी दिसतात. एकाचा अर्थ गरोदरपणी मनाई, दुसऱ्याचा अर्थ गरोदरपणी जपून. आपल्या श्रोतीच्या पाकिटावर यातलं काहीच नव्हतं. फूल आलं, सल्ला आला, सोबतची मनाई मात्र वाटेतच कुठेतरी गळून पडली.

मला आज हेच बोलायचंय. आपण नेहमी भांडतो ते "जडीबुटी चांगली की ॲलोपॅथी चांगली" यावर. ते भांडण मला आज नकोय. मी फार्मसिस्ट आहे, मेडिकलच्या काउंटरवर बसते, माझ्यासमोर दोन्हींची प्रिस्क्रिप्शनं येतात. मी म्हणते, ज्या परंपरेने औषध दिलं तिनेच त्याची मनाईही लिहून ठेवली होती. तुमच्या फोनवर त्यातला फक्त अर्धा भाग येतो.

चिनी वैद्यांनी तर ही मनाई चक्क कवितेत बांधली. गरोदर बाईला काय देऊ नये याची यमकातली यादी. तिथले शिकाऊ वैद्य ती शेकडो वर्षं पाठ करत आलेत, आपण पाढे करायचो तशी. त्या यादीत काय काय आहे? बचनागाच्या जातीची मुळं आहेत. पारा आहे. जमालगोटा आहे. जळवा आहेत. कस्तुरी आहे.

आता इकडे या. आपल्याकडे औषधांचे जे कायदेशीर नियम आहेत, १९४५ चे, त्यात परिशिष्ट ई-१ म्हणून एक यादी आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांमधल्या विषारी द्रव्यांची. त्यात बचनाग आहे, जमालगोटा आहे, पारा आहे. शिवाय रुई, कण्हेर, धोतरा, गुंज, बिब्बा आणि कळलावी. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर डबीवर "वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे" अशा अर्थाची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. दोन वेगळे देश, दोन वेगळी वैद्यकं, आणि भीती त्याच त्याच वस्तूंची.

कळलावीवर जरा थांबते, कारण हे नाव मला फार आवडतं. सातपुड्याकडे पावसाळ्यात गेलात तर झुडपांवर चढलेली दिसेल. ज्वाळेसारखी फुलं, खाली पिवळी, वर लाल. मराठीत नावच कळ-लावी. कळा लावणारी. ज्या कुणी बाईने हे नाव ठेवलं असेल तिने एका शब्दात उपयोगही सांगितला आणि धोकाही. संस्कृतात हिला लांगली म्हणतात आणि तिच्या पर्यायी नावांत गर्भ पाडणारी अशा अर्थाचंही नाव आहे. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं. थोडं जास्त झालं तर उलट्या-जुलाब, मग मूत्रपिंड, मग रक्तपेशी, असं करत माणूस जातो. पूर्वी अडलेल्या बाळंतपणात हिचा कंद वाटून बाहेरून लेप लावायचे, तेही शेवटच्या घटकेला. आज आठवडे बाजारात वाळक्या मुळ्या घेऊन बसलेल्या माणसाकडे हा कंद ओळखू यायची तुमची-माझी काय टाप? सगळ्या वाळक्या मुळ्या एकसारख्याच दिसतात.

ओळख चुकली की काय होतं याचं उदाहरण चिनी औषधांचंच आहे, आणि ते घडलं युरोपात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करायच्या दवाखान्यात बायकांना गोळ्या दिल्या जायच्या, त्यात चिनी वनस्पती असायच्या. हवी होती 'हान फांग जी', आली 'ग्वांग फांग जी'. नाव जवळजवळ एकच, वनस्पती वेगळी. दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढे कॅन्सर झाला. त्या बायका गरोदर नव्हत्या, तरी हे झालं. आणि हे आम्ल ज्या कुळात सापडतं त्यातली एक वेल आपल्याकडेही आहे, सापसंद म्हणतात तिला, ईश्वरी पण म्हणतात. गर्भ राहू नये म्हणून ती वापरायची जुनी माहिती आहे आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात त्याच कारणासाठी तिच्यावर प्रयोगही केलेत. तेव्हा "गावठी आहे, काही होत नाही" हे वाक्य मला कुणी ऐकवू नका.

बरं, आता केशर. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चिनी चहा मागवणाऱ्या तुमच्यातल्या चार जणी असतील, पण केशर-दूध घरोघर आहे.

आमच्याकडे काउंटरवर डोहाळजेवण झालेल्या, न झालेल्या, सगळ्या येतात. सोबत सासू किंवा आई. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या घेतल्या की हळूच विचारतात, केशर आहे का. का? "पोऱ्या गोरा व्हई व माय." एकदा एका मुलीने तिच्याकडची डबी काढून मला दाखवली, हे चांगलं आहे का म्हणून. बसस्टँडवर कुणीतरी विकत होतं, साठ रुपयांना मूठभर. मी चिमूटभर पाण्यात टाकलं. दोन मिनिटांत पाणी पिवळंधमक, आणि तळाशी नळीसारख्या बारीक पाकळ्या, टोकाला पाच भागांत फाटलेल्या. करडई होती ती, दुसरं काही नाही.

करडईच्या फुलाला इंग्रजीत एक टोपणनाव आहे, अमेरिकन सॅफ्रन. म्हणजे अमेरिकन केशर. आपल्या भागात मध्यंतरी या नावाच्या शेतीची बरीच चर्चा होती, आठवत असेल. खऱ्या केशराशी त्याचं काही नातं नाही. खरं केशर म्हणजे एका जांभळ्या फुलातले तीन लाल तंतू. एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात, म्हणून तर ग्रॅमला काही शे रुपये मोजावे लागतात. साठ रुपयांत मूठभर केशर कुठल्याच देशात मिळत नाही.

आता बघा काय होतं. घरातल्या मोठ्या बाईने प्रेमाने दूध दिलं. तिच्या मनात केशर. डबीत करडईच्या पाकळ्या. आणि करडईच्या पाकळ्या म्हणजे तेच होंगहुआ, ज्याच्यापुढे चीनच्या औषधकोशात गरोदरपणी जपून असं लिहिलंय. केशर महाग म्हणून लोक दोन-चार काड्या टाकतात. हे स्वस्त, म्हणून चमचाभर पडतं, रोज पडतं, नऊ महिने पडतं. उंदरांवरच्या प्रयोगांत करडईच्या फुलांचा अर्क जास्त मात्रेत दिल्यावर गर्भाला इजा झालेली दिसलीय. उंदीर म्हणजे माणूस नाही आणि दुधातल्या पाकळ्या म्हणजे अर्क नाही, हे मलाही कळतं. दोन-चार वेळा घेतलं म्हणून काही होईल असं मी म्हणत नाही. पण मिळवायचं काय आहे यातून? बाळाचा रंग आई-बापाच्या जनुकांवर ठरतो. खरं केशर प्यायल्याने बदलत नाही, खोटं प्यायल्याने तर नाहीच. काश्मीरचं अस्सल केशर असलं तरी स्वयंपाकात पडतं तेवढ्या दोन-चार काड्या, त्यापुढे नाही. मोठ्या मात्रेत केशरही गर्भाला चालत नाही.

ओळखायचं कसं? खरा तंतू एका टोकाला तुतारीसारखा रुंद होतो. कोमट पाण्यात रंग सावकाश सुटतो, दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तंतू स्वतः लालच राहतो. झटकन रंग सुटला आणि तंतू फिका पडला, की समजा फसलात.

तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की मग परंपरेची मनाई पाळली म्हणजे झालं. नाही ना! तिथेही खड्डा आहे. ज्येष्ठमध घ्या. चिनी काढ्यांत तो इतक्या ठिकाणी असतो, की आपल्या भाजीत मीठ. त्यांच्या त्या मनाईच्या यादीत तो नाही. आपल्याकडेही घसा बसला की ज्येष्ठमधाची कांडी. पण फिनलंडमध्ये लोक ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या फार खातात, म्हणून तिथे अभ्यास झाला. गरोदरपणी ज्या आयांनी ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन आठवड्याला पाचशे मिलिग्रॅमहून जास्त घेतलं होतं, त्यांची मुलं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत सरासरी सात गुणांनी मागे दिसली. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१७ साली हे छापलं. यात इतर कारणंही मिसळलेली असू शकतात. पण कारण समजण्यासारखं आहे. आईच्या ताणाचं संप्रेरक बाळापर्यंत पोहोचू नये म्हणून वारेत एक राखणदार असतो, ग्लिसरायझिन नेमकं त्यालाच झोपवतं. आठशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला हे कळायचा मार्गच नव्हता. बारा वर्षांनी दिसणारा परिणाम नाडी बघून कसा कळणार? खोकल्याची एखादी गोळी चघळली तर ठीक, रोज काढा नको.

काढ्यावरून आठवलं. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा सुचवला होता, दिवसातून एक-दोनदा. आपण काय केलं? खान्देशी माणूस, हात सैल. मूठभर दालचिनी, मूठभर सुंठ, त्यात ज्येष्ठमध, त्यात गुळवेल, आणि दिवसातून पाचदा. सुंठ आणि दालचिनी, दोन्ही त्या चिनी यादीत आहेत बरं का. मग चहात आलं टाकू नये का? टाका की. सकाळच्या मळमळीला आल्याचा उपयोग होतो हे चाचण्यांत दिसलंय, दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठीएवढ्या मात्रेत. फोडणीतली मेथी, हळद, ओवा हे जेवण आहे. त्याच मेथीच्या, त्याच हळदीच्या कॅप्सूल औषध आहेत. स्वयंपाकघरातून औषधाच्या डबीत गेलं की वस्तू बदलते. आणि हळीव, डिंक, बाळंतशोपा यांची जागा नावातच आहे, बाळंतपणानंतर. रीलवाल्यांना आधी आणि नंतर यातला फरक कळत नाही. पपईचंही तसंच. शहादा-शिरपूरकडची पिकलेली पपई बिचारी उगाच बदनाम आहे. भीती कच्च्या पपईच्या चिकाची, त्याने गर्भाशय आकसतं.

आता जे बोलायला जड जातं ते. मुलगा होण्याचं औषध. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे साडेआठशेपेक्षा कमी मुली होत्या. म्हणजे मागणी आहे हे उघड आहे. औषध कोणतं? बहुतेकदा शिवलिंगीच्या बिया, मायफळ, असलं काही. मायफळ म्हणजे बाळगुटीत एक-दोन वळसे उगाळतो तेच. दुसरा-तिसरा महिना लागताना देतात, वासराच्या गाईच्या दुधातून, पहाटे, तोंड अमुक दिशेला करून. हरियाणात अशी औषधं घेतलेल्या बायकांचा अभ्यास झालाय. त्यांच्यात बाळाला जन्मजात व्यंग असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली, आणि बाळ मृत जन्मण्याची अडीचपट. कारण साधं आहे. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेलं असतं, वडिलांकडून आलेल्या पेशीवर. पण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचं हृदय, मणका, हात-पाय घडत असतात, आणि नेमकं त्याच वेळी हे औषध पोटात जातं. जे बदलायचं ते बदलत नाही. जे घडत असतं ते बिघडतं.

यावर कायदा आहे. लिंगनिवडीची जाहिरात, मग ती औषधाची का असेना, गुन्हा आहे. पण या औषधाची जाहिरात होत नाही, ते जाऊ-नणंदेच्या तोंडून येतं. आणि सुनेला नाही म्हणायची सोय नसते. मला मेसेज करणाऱ्यांत एकीने लिहिलं होतं, "मी पुडी घेतली, दूध प्यायल्यासारखं केलं, आणि तुळशीत ओतलं." शाबास गं बाई. आणि हे ऐकणाऱ्यांत नवरे, भाऊ असतील, तर त्यांना सांगते, हे काम तिचं नाही, तुमचं आहे. तुमच्या आईला "नाही" तुम्ही म्हणायचं.

धातूंचं थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. सगळ्या भारतातून गेलेली आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी औषधं घेत होत्या. एका औषधात तर वजनाच्या २.४ टक्के शिसं होतं. कळलं कसं? तिथे पहिल्याच तपासणीत विचारतात, देशी काही घेता का, आणि मग रक्त तपासतात. गर्भवतीबद्दल चरकाने म्हटलंय की तेलाने काठोकाठ भरलेलं भांडं न हिंदकळता न्यावं तसं तिला जपावं. त्याच चरकाच्या नावाने लेबल नसलेल्या भस्माच्या पुड्या विकतात, म्हणजे कमाल आहे.

मग करायचं काय, असं तुम्ही विचारणारच. डॉक्टर विचारतात, "आणखी काही औषध चालू आहे का?" आपण म्हणतो नाही. खोटं बोलत नाही आपण, आपल्याला काढा, चहा, पुडी हे औषधच वाटत नाही. म्हणून त्या डब्या-पुड्या पिशवीत घालून न्या. निदान फोनवर फोटो काढून न्या, पुढचा नाही, मागचा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेही दाखवता येईल. ज्या पुडीवर नाव नाही ती घेऊ नका, देणारा कितीही सज्जन असो. नाव असेल तर चार गोष्टी विचारा. नेमकी कुठली वनस्पती, तिचा कुठला भाग, किती, आणि कितव्या महिन्यात चालते. शिकलेला वैद्य चारही उत्तरं देईल, आणि दोन गोष्टींना स्वतःच नको म्हणेल. जो म्हणतो "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही", तिथून उठा.

काही घेऊन झालं असेल आणि पोटात कळा, रक्तस्राव, चक्कर, सततच्या उलट्या असतील तर रात्र काढू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पुडी सोबत न्या. कुणी रागावलं तर रागावू दे, पण काय घेतलं ते खरं सांगा, उपचार त्यावर ठरतात. आणि औषधाचा त्रास झाला, मग ते कुठल्याही पॅथीचं असो, तर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर कळवता येतं. आपण कळवत नाही म्हणून नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून "काही होत नाही" हे वाक्य टिकून राहतं.

जाता जाता, चोपड्याहून एकीने आधीच विचारून ठेवलंय, "ताई, मग करडईची भाजी खाऊ का नको?" खा गं. कोवळ्या पानांची भाजी खा, करडईचं तेल खा, भाकरी कुस्करून पोटभर खा. आपण बोलतोय ते फुलाबद्दल.

पुढच्या भागात लोहाच्या गोळ्या. त्या चहासोबत का घेऊ नयेत, आणि त्याने काळी शी होते म्हणून घाबरून बंद का करू नयेत. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, आणि सोबत डबीचा फोटो. मागच्या बाजूचा.